खालची बिजागरी

तिसऱ्या चाकूचं टोक मोडलं तेव्हा बेबी खोकायची थांबली होती. ती माझ्या मागे जमिनीवर पालथी पडली होती, तोंडावर ओला टॉवेल धरून, मी सांगितलं होतं तशी. खोकत होती तोवर मला तिची काळजी नव्हती. आवाज बंद झाला म्हणून मी मान वळवून पाहिलं, तर धुरात तिचे नुसते पाय दिसले. कॉटवरची गादी आतून धुमसत होती. दाराला बाहेरून कुलूप, किल्ली मामीच्या पर्समध्ये, आणि मामी मामाच्या कंपनीत पूजेला गेलेली. माझ्यासमोर दाराची खालची बिजागरी होती. तिच्यात तीन स्क्रू, हिरव्या ऑइलपेंटच्या जाड थरातून तिन्हींच्या खाचा नुसत्या खरवडून काढलेल्या. मोडलेलं टोक कुठे उडालं ते बघायला वेळ नव्हता. मी पाटावरचा चौथा चाकू उचलला. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं.

हे सगळं भांडुपला झालं, टेकडीच्या चढावरच्या एका चाळीत. मामाची खोली अगदी शेवटची, तिच्यापुढे फक्त डोंगर. मी सतरा वर्षांची होते. गावाला चौथीपर्यंत शिकले, पुढे शाळा लांब म्हणून सोडली. बाप आंब्याची कलमं बांधायचा. तो गेला तेव्हा आईने मला मामाकडे मुंबईला पाठवलं. मामा म्हणाला होता, तिकडे पोरगी चार माणसांत राहील, दिसेल, लग्नाचं मी बघतो. चार माणसं कसली! सकाळी साडेसातला मामा-मामी कामावर जायचे, मामा एका कंपनीत टर्नर होता, मामी गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला. मग संध्याकाळी साडेपाचपर्यंत मी आणि त्यांची पाच वर्षांची बेबी, आणि बाहेरून कुलूप.

कुलूप पहिल्या दिवसापासून नव्हतं. पहिल्या महिन्यात एकदा मला घराची फार आठवण आली आणि मी पिशवीत दोन साड्या घालून गावाकडच्या एस.टी.च्या थांब्यावर जाऊन बसले. कुठली गाडी, किती वाजता, काही माहीत नव्हतं. आमच्या वाडीतला एक माणूस तिथे भेटला, त्याने मला हाताला धरून परत आणून सोडलं. मामा रागावला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पितळेचं कुलूप आणलं, त्यात तेल घातलं आणि मामीला म्हणाला, "परक्याची पोर आहे. काही झालं तर तिच्या आईला तोंड कसं दाखवू?" त्या दिवसापासून मी आत. पहिले पंधरा दिवस मी दार बडवायचे. शेजारच्या कांबळेकाकू यायच्या, खिडकीतून विचारायच्या, "काय झालं गं?" मी म्हणायचे, "मला बाहेर काढा." त्या तरी काय करणार! किल्ली त्यांच्याकडे नव्हती. पुढे पुढे त्या यायच्या बंद झाल्या. माझ्या दार वाजवण्याची चाळीला सवय झाली. ही सवय पुढे किती महाग पडली, ते सांगतेच.

लोकांना वाटतं कोंडलेल्या माणसाला आभाळ दिसत नाही याचं दुःख असतं. मला संडासचं होतं. संडास चाळीच्या दुसऱ्या टोकाला. सात वाजायच्या आत जे काय ते उरकून घ्यायचं, नाहीतर संध्याकाळपर्यंत पोट धरून बसायचं. लघवीला मोरी होती. मी पाणी कमी प्यायला शिकले, बेबीलाही शिकवलं. पाण्याचा ड्रम बाहेर गॅलरीत, आत एक कळशी आणि एक बादली, त्यात दिवस काढायचा. मी सकाळी भाकऱ्या थापून ठेवायचे, दुपारी कुळथाची पिठी करायचे. सुकट भाजली की वास खोलीतच कोंडून राहायचा आणि संध्याकाळी मामी दारातूनच नाक मुरडायची, "खिडकी उघडायला काय होतं तुला?" खिडकी उघडीच असायची. तिला गज होते आणि गजांवर जाळी.

त्या खोलीत माझ्या सोबतीला मामाचे चाकू होते. मामाला मिटवायच्या चाकूंचा नाद होता. दारू नाही, पत्ते नाहीत, एवढा एकच. जुन्या बाजारात जाऊन भंगारातून उचलून आणायचा, ओळखीच्या खलाशाकडून घ्यायचा, गावाला गेला की लोहाराच्या पुढ्यात दिवसभर बसायचा. शिंगाच्या मुठीचा होता, शिसवीच्या मुठीचा होता, माशाच्या आकाराचा एक पितळी होता, त्याच्या शेपटीतून पातं निघायचं. खलाशाचा चाकू चांगला वीतभर, जाड दोर कापायचा. रामपुरी मात्र त्याने कधी ठेवला नाही. म्हणायचा, "तो मवाल्यांचा. पोलिसांनी विचारलं तर सांगणार काय?" सगळे चाकू पत्र्याच्या पेटीत, फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेले. रोज सकाळी त्यातला एक निवडून खिशात घालायचा. पॅन्टचा उजवा खिसा त्याच्यासाठीच ठेवलेला, आत वेगळं अस्तर शिवून घेतलेलं. जेवण झालं की मोसंबं सोलायचा, सालाची एकच लांब पट्टी न तोडता. मग पातं पुसून मिटवायचा. टक. तो आवाज ऐकला की समजायचं, आता ताटं उचलायची.

देखभाल माझ्याकडे होती. रविवारी वर्तमानपत्र पसरून तो मला शिकवायचा. शिकवायला चांगला होता, ते मी नाकारत नाही. "पातं दगडावर सपाट टेकव. आता पाठ उचल. पाठीखाली दहा पैशाचं नाणं सरकेल एवढीच. गो, दगड किसायला बसलंस काय? हळू!" धार लागली की नाही ते नखावर टेकवून बघायचं. पातं घसरलं तर बोथट, अडकलं तर धार. सांध्यात खोबरेल घालायचं नाही, ते थंडीत थिजतं आणि चिकट होतं. शिवणयंत्राचं तेल, तेही एक थेंब. उघडा चाकू कुणाच्या हातात द्यायचा नाही, खाली ठेवायचा, मग दुसऱ्याने उचलायचा, नाहीतर भांडण होतं. आणि सगळ्यात मोठा नियम: "चाकू कापायला. उचकटायला न्हय. टोक मोडलं की चाकू मेला." एकदा मामीने डालड्याच्या डब्याचं झाकण चाकूने उघडलं होतं, तर तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. मामी मला म्हणाली, "दोन दिवस शांततेत गेले. परत उघडणार आहे मी."

त्या पेटीत माझ्या बापाचाही चाकू होता. तो मी गावाहून आणला होता, कपड्यांच्या तळाशी ठेवून. कलमं बांधायचा चाकू. पातं आखूड, धार एकाच बाजूने, फणसाच्या लाकडाची मूठ, आणि मुठीच्या शेवटाला पितळेची एक चपटी जीभ, झाडाची साल अलगद उचलायला. मामाने पाहिला आणि घेतला. म्हणाला, "पोरीच्या जातीने चाकू बाळगू नये." त्याच पोरीच्या जातीने त्याच्या तीस-पस्तीस चाकूंना धार लावायची, यात त्याला काही वावगं वाटलं नाही. तेव्हा मलाही वाटलं नाही. फक्त दर रविवारी तो चाकू हातात आला की मी त्याला इतरांपेक्षा थोडा जास्त वेळ पुसायचे, आणि मामा म्हणायचा, "पुरे. तो काय सोन्याचा आहे?"

मग खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्यात घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडतात. विळी, कोयता, कातर, आणि मामाच्या घरात त्याचे चाकू. मी ते आदल्या दिवशी सगळे साफ केले होते. मामाने पाटावर लाल कापड घालून ओळीने मांडले, पाती अर्धी उघडून, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. कॉटच्या दांडीपासून फळीपर्यंत क्रेप कागदाच्या झालरी बांधल्या. पुढे समई. पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही, आणि समई विझू द्यायची नाही. त्या दिवशी कंपनीतही मशीनची पूजा असायची आणि घरच्या माणसांना बोलवायचे. बेबीलाही न्यायचं ठरलं होतं, पण तिला गालफुगी झाली. दोन्ही गाल फुगलेले, डोक्यावरून रुमाल बांधलेला, रडून रडून हैराण. मामा आपली हत्यारांची पिशवीही घेऊन गेला, पेचकस, पाने, सगळं. ते कंपनीतल्या मशीनसमोर पूजेला लागायचं होतं. जाताना म्हणाला, "समईत तेल घालत राहा. विझली तर बघ." मामीने कुलूप लावलं. खाली मंडळाचा लाउडस्पीकर सकाळपासून सुरू होता, गाणं संपलं की तेच गाणं परत.

पंखा मी लावला. बेबी खाली चटईवर तापाने फणफणली होती, "गरम होतंय, ताई," म्हणाली, म्हणून टेबलफॅन तिच्याकडे फिरवला. झालर हलली, समईवर गेली आणि पेटली. आणि मी काय केलं? मी आधी समई उचलली. विझू नये म्हणून तिच्यापुढे हात धरला आणि जपून नेऊन ओट्यावर ठेवली. पेटलेली झालर तशीच सोडून. आज सांगताना माझंच मला हसू येतं, पण तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, समई विझली तर मामा बघून घेईल. वळून पाहिलं तर झालर गादीवर पडली होती आणि मच्छरदाणी वितळून ठिबकत होती. ती ओढून पायाखाली घेतली, डाव्या हाताला चिकटली, तो डाग अजून आहे. कळशी गादीवर ओतली, बादली ओतली. ज्वाळा गेली आणि धूर आला. कापसाची गादी एकदा आतून पेटली की वरच्या पाण्याला दाद देत नाही. मग लक्षात आलं की समई ठेवली त्याच ओट्याखाली रॉकेलचा डबा आहे. तेव्हा मात्र मी समई फुंकली. डबा मोरीत नेऊन ठेवला, आणि बेबीला जमिनीवर पालथी घालून तोंडावर ओला टॉवेल धरायला सांगितला.

दार बडवलं, ओरडले. खिडकीतून ओरडले. लाउडस्पीकरपुढे माझा आवाज काय! आणि ज्यांना ऐकू गेला असेल, त्यांना ते रोजचंच होतं. दार फळ्यांचं, आत उघडणारं, आतल्या बाजूने लांब पट्टीच्या बिजागऱ्या. एक वर, एक खाली. वर धूर इतका की डोळे उघडत नव्हते. म्हणून खालची. खालची निघाली तर फळ्यांचा कोपरा आत ओढता येईल, बेबीएवढं पोर त्यातून जाईल. हे मला पटकन सुचलं असं नाही. आठ महिने मी त्या दारासमोर बसून तांदूळ निवडले होते. त्यातला प्रत्येक स्क्रू मला माहीत होता.

पेचकस कंपनीत. उलथनं जाड. चमचा वाकला. पाटावर चाकू होते, पण ते पूजेत होते. त्यातही वेळ गेला. खोली धुराने भरलेली, आणि मी पूजेतलं हत्यार उचलू की नको यावर थांबले. मी हात जोडले. खरंच जोडले. मग शिंगाच्या मुठीचा उचलला आणि स्क्रूच्या खाचेतला रंग खरवडायला लागले. रंग निघाला, फिरवायला गेले आणि टोक मोडलं. मग खलाशाचा. मग मामाचा रोजचा, मोसंबं सोलायचा. चांगलं कडक पोलाद, ते वाकत नाही, तुटतं. तिघांनी मिळून तीन खाचा मोकळ्या केल्या आणि तिघेही गेले. तेव्हा बेबी गप्प झाली.

चौथा हाताला लागला तो बापाचा. मी निवडला नव्हता. अर्धं उघडलेलं पातं मिटवलं आणि मुठीची पितळी जीभच खाचेत घातली. ती रुंद होती, खाचभर बसली. वाकली, पण तुटली नाही. पहिला स्क्रू फिरला. दुसरा फिरला. तिसरा अर्धा आला आणि अडकला, तेव्हा मी दोन्ही हातांनी फळी धरून मागे पडले. रोज धुण्याचं पाणी लागून खालचं लाकूड कुजलेलं होतं. कर्रर्र करून सुटलं. कोपरा वीतभर आत आला. बेबीला पायांना धरून ओढून आणलं, डोकं आधी बाहेर घातलं आणि ढकललं. फळीने तिची पाठ खरवडली. बाहेर पडल्यावर एक क्षण काही नाही, आणि मग ती अशी रडली की लाउडस्पीकरच्या वरताण ऐकू गेलं.

कांबळेकाकू वरवंटा घेऊन धावत आल्या. चार घाव घातले तेव्हा कोयंडा निघाला. मला बाहेर ओढून त्यांनी ड्रममधलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं, आणि वर मलाच शिव्या. "रोज वाजवतेस गं बाई! मला काय ठाऊक आज जळतेयस!" त्या रडत होत्या. मी रडले नाही, मी ओकत होते. चाळीतल्या बायकांनी गादी बाहेर ओढून गटारात टाकली.

मामा-मामी दुपारी आले. मामाच्या हातात पेढ्यांचा बॉक्स. मामीने बेबीला उचललं आणि खाली बसली ती उठेचना. मामा आत गेला, बाहेर आला. त्याच्या हातात तीन मोडके चाकू होते. मोसंबं सोलायचा त्याने अंगठ्याने चाचपून पाहिला.

"टोकं मोडलंस," तो म्हणाला.

"हो."

"पूजेतली उचललंस."

"हो."

"आणि स्क्रू कशाने निघाला?"

मी मूठ उघडून दाखवली. पितळेची जीभ वाकडी झाली होती. तो म्हणाला, "दे, सरळ करून देतो." मी म्हटलं, "नाही देणार." मामी खालून ओरडली, "अहो, पोर जिवंत आहे आणि तुम्ही चाकू कसले बघताय!" मामाने चाकू खिशात घातले आणि तिथेच, गॅलरीत, भिंतीला डोकं टेकून बसला. पेढे कुणी खाल्ले ते मला आठवत नाही. बॉक्स संध्याकाळी रिकामा होता.

त्यानंतर तो सुधारला, असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. आठ दिवसांत खोलीला चुना मारला, दाराला खाली नवी फळी बसवली, बिजागरी जागेवर, आणि नवं कुलूप आणलं. मामी म्हणाली, "परत?" तो म्हणाला, "परक्याची पोर आहे. तिच्या आईला काय सांगू?" मामी म्हणाली, "जळली असती तर काय सांगणार होतात?" त्याने कुलूप लावलं. मामी त्याच्या मागून निघून गेली. नोकरी होती.

पायऱ्यांवरचा त्यांचा आवाज थांबेपर्यंत मी थांबले. मग बापाचा चाकू काढला. घाई नव्हती. आधी खालची बिजागरी, मग स्टुलावर चढून वरची. सहा स्क्रू. दार बाहेरच्या कडीवर लटकलं, ते बाजूला सरकवून भिंतीला टेकवलं. उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडले. बेबी गॅलरीत खेळली. तहान लागली तेव्हा पाणी प्यायले आणि पाहिजे तेव्हा संडासला जाऊन आले. कांबळेकाकू बघून गेल्या, म्हणाल्या, "वाट लागली आता तुझी." मी कुठेही पळून गेले नाही. संध्याकाळी मामा आला तेव्हा मी तिथेच बसले होते. तो दाराकडे बघत उभा राहिला. कुलूप जसंच्या तसं होतं, कडीला.

"ह्या काय गो?"

"दार."

"स्क्रू खय आसत?"

"वाटीत. सहाच्या सहा. तेल लावून ठेवलेत."

तो खाली बसला. पेचकसाची पिशवी खांद्याला होती, ती त्याने उघडली नाही. हात पुढे केला. मी चाकू मिटवून आमच्या दोघांच्या मध्ये उंबऱ्यावर ठेवला, त्याने शिकवलं होतं तसा. त्याने उचलला, त्याच वाकड्या जिभेने सहाही स्क्रू बसवले, पुसला, आणि परत उंबऱ्यावर ठेवला, माझ्या बाजूला. कुलूप नंतर मामीने कोळशाच्या पेटीला लावलं.

माझं लग्न पुढे दीड वर्षाने झालं, ते मामानेच जमवलं, आणि बरं जमवलं. त्याचे चाकू तो गेल्यावर कुणी कुणी नेले. टोकं मोडलेले तीन तेवढे मी मागून घेतले. आता माझ्या घराला लॅचचं दार आहे, मी एकटी असले की ते आपोआप लागू नये म्हणून त्यात दोरी अडकवून ठेवते, मुली हसतात. खंडेनवमीला बापाचा चाकू पाटावर ठेवते आणि लागला की उचलते, भाजी चिरते, परत ठेवते.

बेबी बोरीवलीला असते. तिच्या पाठीवर फळीने खरवडलेल्याचा वण आहे, तिला तो दिवस आठवत नाही. मामा गेला, मामी गेली, कांबळेकाकू गेल्या. त्या खोलीत आम्ही दोघी होतो. दोघी आहोत.